काच नवी बसली, पण गाडीचा डोळा कुठे बघतोय?

ताज्या भागाचं हे लेखी रूप. ऐकताना आकडे कानावरून निघून जातात, आणि या भागात सगळी गंमत आकड्यांचीच आहे, म्हणून इथे ते जरा नीट मांडलेत. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" मी कापलेत. सगळे नाही.

विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. घर नागपुरात, नोकरी बुटीबोरीला, म्हणजे रोजचा वर्धा रोड. एक दिवस गिट्टी भरलेल्या टिप्परच्या मागे होता, एक खडा उडाला आणि पुढच्या काचेला टवका गेला. मे महिना होता. बाहेर ४५ डिग्री, आत फुल एसी. आठवडाभरात त्या टवक्याचा तडा झाला आणि काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. त्याने सीताबर्डीत एका दुकानातून काच बदलून घेतली. गाडीत एडास आहे, म्हणजे आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा आहे. म्हणून त्याने विचारलं, "भाऊ, कॅमेऱ्याचं काही करावं लागते का?" उत्तर मिळालं, "डॅशबोर्डवर लाइट लागून राहिला का? नाही ना? मंग टेन्शन काऊन घेता?"

त्याचा प्रश्न असा: लाइट नाही म्हणजे सगळं बरोबर आहे, असं धरून चालायचं का?

नाही. आणि का नाही, हे एकदा कळलं की गॅरेजवाल्याशी काय बोलायचं तेही आपोआप कळतं.

आधी एडास कुणाकुणाकडे आहे ते बघू. पाच-सहा वर्षांपूर्वी हे श्रीमंतांचं प्रकरण होतं. २०२० मध्ये एमजी ग्लॉस्टर आली, २०२१ मध्ये आपल्या चाकणला बनणारी महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आली, २०२२ मध्ये होंडा सिटी हायब्रिड, २०२३ मध्ये हॅरियर, सफारी, व्हर्ना, सेल्टॉस आणि व्हेन्यूसुद्धा. २०२४ संपता संपता होंडा अमेझसारख्या छोट्या सेडानमध्येही एडास मिळायला लागलं. म्हणजे आता ते तुमच्या काकांच्या गाडीत आहे, तुमच्या मित्राच्या पहिल्या गाडीत आहे. पुढची गाडी थांबली तर आपोआप ब्रेक मारणं, लेनमधून घसरायला लागलात तर स्टिअरिंग हलकेच परत ओढणं, क्रूझवर पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, ही त्याची मुख्य कामं. गाडी स्वतः चालत नाही. हात स्टिअरिंगवरच हवेत. पण ब्रेक आणि स्टिअरिंग, या दोन्ही गोष्टींना हात लावायची परवानगी आपण एका कॅमेऱ्याला दिलेली असते, हे लक्षात ठेवा.

आता मुद्द्याची गोष्ट. कॅमेऱ्याला चित्र दिसतं, "समोर" दिसत नाही. चित्रातला कुठला पिक्सेल म्हणजे गाडीच्या नाकासमोरचा सरळ रस्ता, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. कॅमेरा जमिनीपासून किती उंच आहे, किती खाली झुकलाय, डावी-उजवीकडे किती वळलाय, किंचित तिरका बसलाय का, हे चार-सहा आकडे सॉफ्टवेअरमध्ये साठवलेले असतात. ते आकडे नव्याने मोजून साठवणं म्हणजे कॅलिब्रेशन. बस, एवढंच. कॅमेरा दुरुस्त करणं नाही, लेन्स पुसणं नाही. गाडीला परत सांगणं, की बाई गं, "समोर" म्हणजे हे.

सीताबर्डीतून झिरो माइलकडे कधी पायी गेलात तर तिथले चार घोडे आणि खांब सगळ्यांनी पाहिलेत. त्यांच्या बाजूला ग्रेट ट्रिग्नॉमेट्रिकल सर्व्हेचा १९०७ सालचा एक दगड आहे, तिकडे फारसं कुणी बघत नाही. ते भारताचं केंद्र आहे की नाही हा वाद बाजूला ठेवा. तो दगड आहे उंचीचा बेंचमार्क. समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट, हे एकदा पक्कं केलं, आणि मग आसपासच्या उंच्या अशा खुणांपासून मोजायच्या. आता कल्पना करा, कुणी रात्री येऊन तो दगड दोन फूट वर उचलून ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. दगडावरचा आकडा तोच. दुसऱ्या दिवशी सर्व्हेअर येईल, तितक्याच काळजीने मोजेल, हिशेबात एकही चूक करणार नाही, आणि त्याचं प्रत्येक उत्तर दोन फुटांनी चुकेल. त्याच्या यंत्रावर कुठलाही लाल दिवा लागणार नाही. यंत्र बिघडलेलंच नाही ना!

काच बदलल्यावर नेमकं हेच होतं.

आता आकडे. कॅमेरा ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो तो ब्रॅकेट काचेलाच चिकटवलेला असतो. समजा तो १० सेंटीमीटर लांब आहे आणि नव्या काचेवर त्याचं एक टोक जुन्यापेक्षा फक्त १ मिलिमीटर वर आहे. कोन बदलला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. डोळ्याला दिसणारही नाही. अर्धा अंश म्हणजे किती? कॅमेऱ्याचं चित्र १२८० पिक्सेल रुंद आणि दृष्टीचा कोन ५० अंश धरला, तर साधारण १३ पिक्सेल. फोनच्या फोटोत १३ पिक्सेल इकडेतिकडे झाले तर आपण ढुंकून बघणार नाही.

पण हा कॅमेरा अंतर कसं काढतो ते बघा. एक कॅमेरा म्हणजे एक डोळा. एका डोळ्याने अंतर थेट मोजता येत नाही, म्हणून तो एक युक्ती करतो: पुढच्या गाडीची चाकं जिथे रस्त्याला टेकतात ती जागा क्षितिजाच्या किती खाली दिसते, ते बघतो. जवळची गाडी जास्त खाली, लांबची क्षितिजाच्या जवळ. कॅमेरा १.३ मीटर उंचीवर असेल आणि पुढे ४० मीटरवर ट्रक उभा असेल, तर त्याची चाकं क्षितिजाच्या १.८६ अंश खाली दिसतात. आता कॅमेरा अर्धा अंश खाली झुकलाय आणि सॉफ्टवेअरला ते ठाऊक नाही. खाली झुकलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात सगळं वर सरकतं. चाकं १.३६ अंशच खाली आहेत असं त्याला वाटतं. उत्तर येतं जवळपास ५५ मीटर.

ट्रक ४० मीटरवर, गाडीच्या मते ५५ वर. ताशी ८० किलोमीटरने तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता. म्हणजे ब्रेकचा निर्णय पाऊण सेकंदाच्या आसपास उशिरा. उलट, कॅमेरा अर्धा अंश वर झुकला तर तोच ट्रक त्याला ३१-३२ मीटरवर दिसेल, आणि गरज नसताना गाडी ब्रेक मारेल.

थांबा, लगेच घाबरू नका. खऱ्या गाडीचं सॉफ्टवेअर इतकं भोळं नसतं. पुढची गाडी चित्रात किती वेगाने मोठी होतेय तेही ते बघतं. आणि एक्सयूव्ही ७०० सारख्या गाडीत कॅमेऱ्याच्या जोडीला रडार असतं, ते अंतर थेट मोजतं. पण होंडाच्या इथल्या गाड्यांमध्ये किंवा २०२३ च्या व्हेन्यूमध्ये सगळी भिस्त समोरच्या एकट्या कॅमेऱ्यावर आहे. तिथे हा हिशेब जास्त बोचतो.

रडार असलं तरी एक गोष्ट सुटत नाही: दिशा. कॅमेरा किंवा रडार डावी-उजवीकडे १ अंश फिरलं, तर १०० मीटर पुढे ती चूक पावणेदोन मीटरची होते. आपल्या हायवेची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे बरोबर अर्धी लेन! शेजारच्या लेनमधला ट्रक तुमच्या लेनमध्ये आहे असं गाडीला वाटू शकतं, किंवा तुमच्याच लेनमध्ये बंद पडलेला ट्रक कडेला उभा आहे असं वाटू शकतं. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, सेकंदाला ३३ मीटर. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा तुकडा जोडला गेला, तेव्हापासून आपल्याकडची कितीतरी कुटुंबं शिवमडक्याहून चढतात, क्रूझ लावतात आणि एडासच्या भरवशावर पाय सैल सोडतात. तिथे मोकळ्या रस्त्यावर गाडीने उगाच करकचून ब्रेक मारला, तर मागच्या ट्रकने काय करायचं?

तर लाइटचा मुद्दा. लाइट कधी लागतो? कॅमेऱ्याची वायर सुटली, काचेवर चिखल आला, किंवा कॅमेरा इतका तिरका बसला की चित्र बघून सॉफ्टवेअरलाच शंका आली, तेव्हा. काही गाड्या काच बदलल्यावर स्वतःहून "कॅलिब्रेशन करा" म्हणून हटून बसतात. त्या गाड्या प्रामाणिक. पण बारीक फरक सहन करायची एक हद्द सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेलीच असते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यानंतर लाइट लागला असता (आणि नागपुरात तो कायमच लागलेला दिसला असता). त्या हद्दीच्या आतली चूक मुकाट्याने सोबत येते. गाडी चुकीचं उत्तर पूर्ण आत्मविश्वासाने देत राहते.

आणि गाडी दुरुस्तीहून परतल्यावर अशा तक्रारी येतात, ही माझी कल्पना नाही. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२३ मध्ये गाडीमालकांची पाहणी मांडली होती. ज्यांनी अशा सेन्सर-कॅमेऱ्यांची दुरुस्ती करून घेतली होती, त्यांच्यापैकी साधारण निम्म्या लोकांना दुरुस्तीनंतर काही ना काही अडचण आली होती. गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांना पुढच्या गाडीतही ही सोय हवीच होती. मला ते पटतं. मी स्वतः एडासच्या विरोधात नाही.

एक प्रश्न कमेंटमध्ये हमखास येणार: "सॉफ्टवेअर आहे ना, मग ते चालता चालता स्वतःच का शिकत नाही?" शिकतं की. सरळ रस्त्यावर लेनच्या दोन पट्ट्या लांब जाऊन एका बिंदूत मिळाल्यासारख्या दिसतात. चित्रातला तो बिंदू जिथे पडतो तिथून कॅमेऱ्याचा झुकाव आणि वळण, दोन्ही काढता येतं. बऱ्याच गाड्या हे सतत करत असतात आणि बारीक फरक भरून काढतात. पण त्याला सुरुवातीचा आकडा जवळपास बरोबर लागतो आणि नीट आखलेल्या पट्ट्या लागतात. व्हरायटी चौकातून मुंजे चौकाकडे जाताना रस्त्यावर काय काय असतं ते तुम्ही पाहिलंय: ऑटो, हातगाड्या, पायी चालणारी अख्खी जत्रा. लेनची पट्टी असेलही, तिच्यावर एक कणसाची गाडी उभी असते. तिथे गाडी काय शिकणार?

कॅलिब्रेशनच्या दोन पद्धती आहेत. कुठल्या गाडीला कुठली लागते हे कंपनी ठरवते. काहींना दोन्ही लागतात.

पहिली चालवून करायची. मेकॅनिक स्कॅनर जोडतो, कॅलिब्रेशन सुरू करतो आणि कंपनीने सांगितलेल्या वेगाने, स्पष्ट पट्ट्या असलेल्या रस्त्यावर गाडी चालवतो. स्कॅनरने "झालं" म्हटलं की झालं. ऐकायला सोपं आहे. पण जुलैच्या पावसात, किंवा पट्ट्या पुसलेल्या रस्त्यावर, तासभर फिरूनही होत नाही. "ट्राय मारून आणतो" म्हणून कुणी गाडी नेली आणि दहा मिनिटांत बर्डीचा राउंड मारून परत आणली, तर समजा की ती फक्त ट्रायच होती.

दुसरी उभ्या गाडीवर करायची. ही मी नीट उभं राहून पाहिली, मामाच्या गाडीची काच बदलल्यानंतर, शहराबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये. मला वाटलं होतं लॅपटॉप लावतील, बटण दाबतील. प्रत्यक्षात लॅपटॉप शेवटी आला. आधी मेकॅनिकने चारही टायरची हवा मोजली. मग डिकी उघडायला सांगितली. डिकीत संत्र्यांच्या दोन पेट्या, एक जॅक, आणि मामीने कुणालातरी द्यायला ठेवलेलं डाळीचं पोतं. तो म्हणाला, "हे सगळं काढा काका." मामा म्हणाला, "अरे, संत्र्यांचा न् कॅमेऱ्याचा काय संबंध बे?"

संबंध असा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण २.७ मीटर. मागची बाजू पुढच्यापेक्षा अडीच सेंटीमीटर दबली की अख्खी गाडी अर्धा अंश वर बघायला लागते. तोच आपला अर्धा अंश. म्हणून कॅलिब्रेशनच्या वेळी गाडी रिकामी, हवा बरोबर, पेट्रोल कंपनी सांगेल तितकं. जमीनही सपाट लागते. मागची चाकं दोन-अडीच सेंटीमीटरच्या खळग्यात असतील तर खळगाच गाडीच्या डोक्यात पक्का बसतो. (रोजच्या वापरात सामान भरलं तर काय? तेवढ्यासाठीच ते चालता चालता शिकणं ठेवलेलं असतं. पण सुरुवातीचा आकडाच संत्री भरून घेतला, तर मग आनंद आहे.)

मग गाडीसमोर एक स्टँड आला, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी असलेला बोर्ड. तो बोर्ड ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर आणि गाडीच्या बरोबर मध्यरेषेवर ठेवण्यात सगळा वेळ गेला. लेझर, टेप, चाकांना लावलेल्या पट्ट्या. मागून ऊन येत होतं तर शटर खाली ओढलं. स्कॅनरचं काम पाच-दहा मिनिटांचं, मांडामांड पाऊण तासाची. मला विचाराल तर हीच चांगल्या वर्कशॉपची खूण: जो मेकॅनिक टेप घेऊन जमिनीवर गुडघे टेकतो, त्याच्यावर विश्वास ठेवा.

आणि ती मध्यरेषा कुठली, यातही एक मेख आहे. गाडी कुठे जाते हे बोनेट ठरवत नाही, मागची चाकं ठरवतात. मागचा ॲक्सल किंचित तिरका असेल तर स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी खेकड्यासारखी थोडी तिरपी धावते. म्हणून बऱ्याच कंपन्या सांगतात, आधी चारही चाकांचं अलाइनमेंट, मग कॅलिब्रेशन. उलट क्रमाने केलं तर दुसऱ्या कामाने पहिलं काम पुसलं जातं आणि बिल दोन्हींचं येतं.

आता तुम्हीच बघा, ही सपाट, मोकळी, बंद करता येणारी जागा सीताबर्डीत कुठून आणायची? मोदी नंबर तीनच्या गल्लीत बाइक वळवायला जागा नाही. म्हणून मी त्या काचवाल्याला फार दोष देत नाही. काच बसवण्याचं त्याचं काम चोख असू शकतं. पण "आमच्याकडे काच होते, कॅलिब्रेशन दुसरीकडून करून घ्या" एवढं वाक्य त्याने बोलायला हवं. "लाइट नाही ना" हे त्या वाक्याच्या जागी चालत नाही.

काचेखेरीज आणखी कशाने हे बिघडतं? कॅमेरा काढून परत लावला, सस्पेन्शनचं काम केलं, गाडी वर उचलणारे स्पेसर टाकले, कंपनीपेक्षा वेगळ्या मापाचे टायर बसवले, पुढून ठोकलं आणि चेसिस ओढून सरळ केली. आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित: बंपर.

समोरचं रडार बंपरच्या जाळीत किंवा कंपनीच्या लोगोमागे असतं, मागच्या कोपऱ्यातली छोटी रडारं बंपरच्या आत. ही ७७ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे लाटेची लांबी ४ मिलिमीटरच्याही आत. प्लास्टिकच्या बंपरमधून ती आरपार जावी म्हणून त्या प्लास्टिकची जाडी आणि रंगाचा थर हिशेबाने ठरवलेला असतो. आता आपल्याकडे बंपर फुटला तर काय करतात? आतून वेल्ड, वरून पुट्टी, मग मेटॅलिक रंगाचे तीन हात. बाहेरून बंपर चकाचक. आतल्या रडारला मात्र धातूची भुकटी मिसळलेला पडदा लागला. रडारसमोरचा बंपर फुटला असेल तर तो बदला, डागडुजी नको. इथे मी कंजुषी करणार नाही.

रडारसमोर स्टीलचं क्रॅश गार्ड लावणं हा तर वेगळाच अध्याय. त्याला डिसेंबर २०१७ पासून केंद्र सरकारने बंदी सांगितलेली आहे, तरी लावणारे लावतात. आणि दसरा! लोगोवर झेंडूचा जाडजूड हार घातला की त्या दिवशी रडार बहुधा आंधळं. यात निदान लाइट लागतो. हार काढा, लाइट जातो. काचेवर मात्र फास्टॅग, पार्किंगचं स्टिकर, डॅशकॅम, सोसायटीचा पास, हे सगळं आरशाभोवतीच चिकटवायची आपल्याला सवय आहे. कॅमेऱ्यासमोरची काच मोकळी राहू द्या.

काच कुठली घेताय हेही बघा. कॅमेरा ज्या भागातून बघतो तिथे काचेत जराही लहर असली तर सरळ रेष वाकडी दिसते. एडासच्या गाडीची काच आणि त्याच मॉडेलच्या साध्या व्हेरिएंटची काच वेगळी असते, ब्रॅकेटही वेगळा. "सेम टू सेम आहे" यावर जाऊ नका, पार्ट नंबर जुळवा.

बरं, दुरुस्तीला गाडी दिली तर बोलायचं काय? काम सुरू व्हायच्या आधी सरळ विचारा: या कामानंतर माझ्या मॉडेलला कॅलिब्रेशन लागतं का, तुम्ही करता का, आणि स्कॅनरचा रिपोर्ट देता का? रिपोर्टवर तारीख, गाडीचा चेसिस नंबर, आणि कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याचं लिहिलेलं असावं. काही स्कॅनर आधीचा आणि नंतरचा कोनही छापतात. तो असेल तर फोटो काढून ठेवा. "करून दिलं" हे तोंडी नको.

विम्याचं थोडक्यात. काचेवर घसारा कापत नाहीत, पण प्लास्टिक-रबरच्या भागांवर झिरो डेप नसेल तर ५० टक्के कापतात. बंपर त्यात येतो. कॅलिब्रेशन इस्टिमेटमध्ये वेगळी ओळ म्हणून आधीच लिहून घ्या आणि सर्व्हेअरच्या मंजुरीआधी दाखवा. काम झाल्यावर नवीन ओळ घुसवायला गेलात तर भांडण तुमच्या वाट्याला येईल.

तोपर्यंत, म्हणजे काच बसली आणि कॅलिब्रेशन बाकी आहे त्या दिवसांत, क्रूझ आणि लेन असिस्ट मेनूमधून बंद ठेवा. काही गाड्या दर वेळी सुरू केल्यावर ते पुन्हा चालू करतात, तेवढं बघा. आणि घरात आणखी कोण ती गाडी चालवतं त्यांनाही सांगा. आपल्याला माहीत असतं, पण रविवारी गाडी बाबा घेऊन जातात.

जाता जाता एक गोष्ट, जी मला कारपेक्षा जास्त खुपते. नागपूरसाठी हे तंत्रज्ञान नवीन नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये इथे आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, ट्रिपल आयटी हैदराबाद, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि आपली महापालिका, असे सगळे त्यात होते. "आपली बस"च्या गाड्यांना टक्कर होण्याआधी ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रं बसवली, आणि इशारे कुठे जास्त येतात त्यावरून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा शोधायच्या, अशी कल्पना. चांगली कल्पना आहे. मोरभवनहून सुटणारी बस बर्डीच्या गर्दीतून वाट काढते तेव्हा ड्रायव्हरला आणखी एक डोळा मिळाला तर हवाच आहे. पण नंतर बसवलेल्या अशा यंत्राला कॅमेऱ्याची उंची, काचेवरची जागा, बसची रुंदी हे आकडे हाताने मोजून द्यावे लागतात. म्हणजे बसची काच फुटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि तिथे चुकीच्या कोनाचा परिणाम फक्त त्या बसपुरता राहत नाही. इशारे चुकीचे आले, तर धोक्याच्या जागांचा नकाशाही चुकतो.

पुढे हा प्रश्न मोठा होणार आहे. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोठ्या बस आणि ट्रकमध्ये आपोआप ब्रेक, लेन सुटल्याचा इशारा आणि ड्रायव्हरला झोप येत असल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा काढला. आता वाडीला अमरावती रोडवर जाऊन बघा. ट्रक रांगेने उभे, ड्रायव्हरला रात्रीतून माल पोचवायचाय, काच फुटली तर रस्त्याकडेलाच तासाभरात बदलून निघायचंय. तिथे सपाट जमीन, बोर्ड, लेझर, रिकामा ट्रक, हे कोण आणि कधी करणार? माल भरलेला ट्रक तर रिकामा करताच येत नाही. २५ टनांच्या गाडीचा ब्रेक ज्या कॅमेऱ्याच्या सांगण्यावरून लागणार, त्याचा कोन तपासायची सोय हायवेच्या कडेला असायला हवी, पंक्चरच्या दुकानासारखी.

वाडीत कुणाचे वडील, काका ट्रान्सपोर्टमध्ये असतील तर त्यांना विचारून मला व्हॉइस नोट पाठवा: नव्या ट्रकची काच फुटली तर सध्या ते नेमकं काय करतात? आणि ज्यांनी नागपुरात कारचं कॅलिब्रेशन करून घेतलंय, त्यांनी रिपोर्टचा फोटो पाठवा. गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर झाकून. आधीचा-नंतरचा कोन छापलेला असेल तर फारच छान, मला ते आकडे बघायचेत.